दैनंदिन व्यवहारासाठी फ्रेंच शब्दसंपदा

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोड्यांचा ठोका पेशवाईपासून घुमत आला आहे. स्टीलच्या भांड्यांचा प्रसार झाल्यानंतर मठारलेल्या तांब्याच्या भांड्यांची मागणी घटली; त्यामुळे हातकामाचे मोल जाणणारा प्रत्येक ग्राहक येथे महत्त्वाचा ठरतो. अशा ग्राहकांत फ्रेंच भाषिक प्रवासीही असू शकतात. आपल्या मालाची ओळख त्यांच्याच भाषेत करून देता आली, तर कारागिराला मध्यस्थावर अवलंबून राहावे लागत नाही. त्यासाठी व्याकरणाचा सखोल अभ्यास नको, निवडक शब्द पुरेत.

पुण्याला फ्रेंच माणसांचा सहवास नवा नाही. पेठेला लागूनच असलेल्या शनिवारवाड्यातून मराठी राज्याचा कारभार चाले, त्या काळात, १७७७ मध्ये, सें-ल्यूबँ हा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला. नाना फडणवीसांशी त्याची बोलणी सुरू होताच इंग्रज अस्वस्थ झाले होते.

ओळखीचे शब्द

डेपो, गॅरेज, रेशन, कूपन, मेनू, ऑम्लेट हे मूळचे फ्रेंच शब्द इंग्रजीमार्फत मराठीत रुळले आहेत. एस. टी.चा 'डेपो' तर उच्चाराचा एक नियमच शिकवतो. या शब्दाच्या लेखनात अखेरीस 'ट' असतो. पण तो उच्चारला जात नाही. फ्रेंचमध्ये अनेक शब्दांची अंत्य व्यंजने अशीच मूक राहतात. म्हणूनच फ्रेंच मनुष्य आपल्या राजधानीला 'पारी' म्हणतो.

अभिवादन आणि आदर

दुकानात पाऊल टाकताच 'बोंझूर' म्हणणे ही फ्रान्समधील रीत आहे. अभिवादनाशिवाय थेट भाव विचारणे तेथे असभ्यपणाचे समजतात. सायंकाळी 'बोंस्वार', निरोप घेताना 'ओ रव्हार', आभारासाठी 'मेर्सी' आणि विनंतीसाठी 'सिल वू प्ले' हे शब्द प्रथम पाठ करावेत. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद मराठी माणसास नवा नाही. फ्रेंचमध्ये तोच 'त्यू' आणि 'वू' असा आहे. ग्राहकाशी नेहमी 'वू' वापरावे.

माल आणि भाव

तांबे म्हणजे 'क्वीव्र', पितळ म्हणजे 'लेतों', कथील म्हणजे 'एतँ' आणि कल्हई म्हणजे 'एतामाझ'. 'फे आ ला मँ' म्हणजे हाताने घडविलेले. मराठीत हात पुल्लिंगी असला, तरी फ्रेंच 'मँ' स्त्रीलिंगी आहे. म्हणून त्याआधी 'ला' येतो. प्रत्येक नाम त्याच्या 'ल' किंवा 'ला'सह पाठ केल्यास लिंगाचा घोटाळा होत नाही. ग्राहकाने 'कोंब्यँ' असे विचारले, तर त्याला किंमत हवी आहे. तो 'त्रो शेर' म्हणाला, तर भाव जास्त वाटतो.

संख्या

'त्र्वा' म्हणजे तीन, 'सेत' म्हणजे सात आणि 'दीस' म्हणजे दहा. 'त्रि', 'सप्त' आणि 'दश' यांच्याशी त्यांचे साम्य केवळ योगायोगाचे नाही. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. ऐंशीसाठी 'कात्र-वँ' म्हणजे 'चार विसा' असे म्हणतात. आपल्याकडे जुन्या माणसांची मोजणी अशीच होती. सत्तर मात्र 'साठ आणि दहा', तर नव्वद 'चार विसा आणि दहा' असे सांगतात. म्हणून मोठी रक्कम कागदावर अंकांत लिहून दाखविणे उभयपक्षी सोयीचे.

दिशा

अरुंद बोळांच्या या पेठेत कसबा गणपतीकडे जाण्याची वाट प्रवासी हमखास विचारतात. 'आ गोश' म्हणजे डावीकडे, 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे आणि 'तू द्र्वा' म्हणजे सरळ. अखेरचा 'त' ऐकू आला की उजवीकडे, तो नसला की सरळ. एवढ्या फरकाने पाहुणा भलत्याच आळीत पोचतो! तेव्हा शब्दाबरोबर हातानेही खूण करावी.

सराव

दररोज पाच शब्द मोठ्याने म्हणावेत आणि देवनागरीतील उच्चाराशेजारी फ्रेंच लेखनही उतरावे. देवनागरी उच्चार केवळ जवळचे असतात. ओठांचा चंबू करून काढायचे स्वर आणि घशातला 'र' कानांनीच शिकावे लागतात. पुढील अभ्यासासाठी पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि आलियाँस फ्राँसेझ यांचे वर्ग आहेत. ज्या कारागिराला तेथे जाण्यास सवड नाही, त्याने निदान 'बोंझूर', 'क्वीव्र' आणि 'फे आ ला मँ' एवढे तरी आत्मसात करावे. आपल्या हातांच्या कामाची ओळख त्याला स्वतःच्या तोंडून करून देता येईल.