शेतावरची पिकअप: फोर बाय फोर हवीच का?

प्रश्न : कतारमध्ये अल शहानियाजवळच्या फार्मवर मी देखरेख करतो. पाण्याच्या टाकीचा ट्रेलर ओढायला मालक पिकअप घेणार आहेत. फोर बाय फोर घेतली की ओझं जास्त ओढता येतं ना?
– एक वाचक

उत्तर : तसं नाही. फोर बाय फोरमुळे वाळूत पकड मिळते. ओढण्याची मर्यादा चासी, गिअर, ब्रेक आणि कूलिंगवर ठरते. ती गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, वर ट्रेलरचं वजन. या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर येतो, तेवढा माल हौद्यात कमी भरा. टाकी अर्धवट नको, पाणी हिंदकळून गाडी डोलते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. रस्ता डांबरी असेल तर साधी टू व्हील ड्राइव्हही चालेल, उगाच खर्च नको. वाळूसाठी टायरची हवा उतरवलीत, तर डांबरावर येण्याआधी पुन्हा भरा.