डिस्क बदलण्याआधी चेकपॉइंट पाहा
पोस्टग्रेस सांभाळणाऱ्यांच्या कानावर एक तक्रार वारंवार येते: सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि मध्येच स्क्रीन काही सेकंद अडकते. एका पतसंस्थेत मार्चअखेरीला व्याज जमा करताना मी हेच पाहिलं. क्वेरी तपासून झाल्या, इंडेक्स तपासून झाले, नव्या डिस्कचं कोटेशनही आलं. दुखणं मात्र चेकपॉइंटचं होतं.

आधी कीर्द, मग खतावणी, हाच इथला क्रम. व्यवहाराची नोंद आधी वॉलमध्ये, म्हणजे राइट-अहेड लॉगमध्ये, पक्की होते. बदललेली पानं मेमरीतच राहतात आणि चेकपॉइंट ती डेटा फायलींत उतरवतो. ठरलेली सेटिंग बदलली नसेल तर हे दर 5 मिनिटांनी होतं. पण वॉल 1 जीबीच्या मर्यादेकडे सरकू लागली की चेकपॉइंट वेळेआधीच सुरू होतो. त्या पतसंस्थेत एक संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होत होता. खरी मेख पुढे आहे. चेकपॉइंटनंतर एखाद्या पानात पहिला बदल झाला की 8 केबीचं ते अख्खं पान वॉलमध्ये जातं. म्हणून चेकपॉइंट जितके दाट, तितकी वॉल फुगते, आणि फुगलेली वॉल पुढचा चेकपॉइंट आणखी लवकर ओढवून घेते.

अशा वेळी, अख्खं पान वॉलमध्ये लिहायला लावणारी 'फुल पेज राइट्स' ही सेटिंग बंद करण्याचा सल्ला हटकून मिळतो. कृपा करून ऐकू नका. वीज गेल्यावर अर्धवट लिहिलं गेलेलं पान वॉलमधल्या त्याच प्रतीवरून सावरतं. लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे हा.

आम्ही 'मॅक्स वॉल साइझ' 16 जीबी केली, 'चेकपॉइंट टाइमआउट' 15 मिनिटांवर नेला आणि 'कम्प्लीशन टार्गेट' 0.9 ठेवलं, म्हणजे लिखाण पसरून होतं. (आवृत्ती 14 पासून ते मुळातच 0.9 आहे, आधी 0.5 होतं.) अडखळणं थांबलं. याची किंमतही आहे: वॉलला जास्त जागा लागते आणि क्रॅशनंतर डेटाबेस उभा राहायला जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ संस्थेला चालेल का, हे आधी विचारून घ्या.

चेकपॉइंटची नोंद लॉगमध्ये येऊ द्या. आवृत्ती 15 पासून ती आपोआप येते. वेळेवर झालेले किती आणि वेळेआधी करावे लागलेले किती, हे आकडे आवृत्ती 17 पासून 'पीजी स्टॅट चेकपॉइंटर'मध्ये मिळतात, त्याआधी 'पीजी स्टॅट बीजीरायटर'मध्ये. वेळेआधीचे जास्त दिसले, तर डिस्कची ऑर्डर थांबवा आणि आधी वॉलची मर्यादा वाढवून पाहा.