मल्खाचा कान

गेथशेमाने बागेत प्रभू येशूला धरावयास लोक आले, तेव्हा पेत्राने तलवार उपसून मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान तोडला. प्रभूने पेत्रास आवरले, एवढेच आपण बहुधा ध्यानी ठेवतो. परंतु लूक पुढेही सांगतो: प्रभूने त्या दासाच्या कानास स्पर्श करून तो बरा केला. तलवार म्यान करणे ही शांतीची पहिली पायरी. समोरच्याची जखम बरी करणे ही दुसरी.

आपल्या मुलखाला या दुसऱ्या पायरीची गरज आहे. मे १९४८ मध्ये रझाकारांनी बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी हिंदूंची कत्तल केली. सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन निजामाची सत्ता गेली, आणि मग निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत बिदर व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, यांची नावे दिली. या काळात संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज होता.

प्रत्येक समाज आपलेच मृत मोजतो. ख्रिस्ती माणसाने दोन्हीकडचे मोजावेत. गोरट्याचे दुःख सांगताना त्यानंतरचा सूड लपवू नये. सुडाचे सांगताना गोरटा विसरू नये. दूरच्या युद्धांसाठी प्रार्थना करणे सोपे आहे. शेजारच्या गल्लीतील मल्खाच्या कानास हात लावणे कठीण.

घरी मुलांसह विचार करावा: आपल्या गावात कोणाची जखम कधीच बोलली जात नाही? ती ऐकण्यास आपण कोणाच्या दारी जाऊ?