बेकेलाइट वीज कितपत अडविते?

विजेच्या प्रवाहाला नेमलेल्या वाटेबाहेर जाऊ न देणाऱ्या पदार्थास निरोधक म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी माती, काच, अभ्रक, रबर व लाख हे पदार्थ या कामी वापरीत. त्यांपैकी लाख मुख्यतः भारतातून जगभर जात असे. तिला पर्याय शोधीत असता, बेल्जियममध्ये जन्मलेले अमेरिकन रसायनज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉल व फॉर्मॅल्डिहाइड यांपासून बेकेलाइट तयार केले. उष्णतेने व दाबाने एकदा घट्ट झालेला हा पदार्थ पुन्हा वितळत नाही. म्हणून विजेची बटणे व दिव्यांचे होल्डर त्याचे होऊ लागले. परंतु ज्या बटणाला माणसाचा हात लागावयाचा, त्याच्या निरोधकतेची खात्री नुसत्या पाहण्याने होत नाही. त्यासाठी तीन प्रकारे परीक्षा करावी लागते.

१. भेदनाची परीक्षा

पदार्थाची चकती धातूच्या दोन अग्रांमध्ये ठेवून विद्युत्‌दाब हळूहळू वाढवितात. एका क्षणी ठिणगी चकतीला भोक पाडून पलीकडे जाते. त्या वेळच्या दाबास जाडीने भागले असता भेदनबल मिळते. हवेत दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट दाब झाला की ठिणगी पडते. तेव्हा ती चकतीच्या कडेवरून वळसा घालून जाऊ नये, म्हणून हा प्रयोग तेलात करतात. पातळ चकतीचे भेदनबल जाड चकतीहून अधिक भरते. यास्तव आकड्याबरोबर जाडीही सांगावी लागते.

२. ओलाव्याची परीक्षा

नुसते बेकेलाइट ठिसूळ असते, म्हणून त्यात लाकडाचे बारीक पीठ मिसळतात. हे पीठ पाणी शोषते. समजा, कोरड्या तुकड्याला ५०० व्होल्ट दाब दिला असता त्यातून एका अँपिअरचा दशलक्षांश प्रवाह झिरपला. तर त्याचा रोध ५० कोटी ओहम झाला. तोच तुकडा पाण्यात ठेवून पुसून घेतल्यावर प्रवाह शंभरपट झाला, तर रोध अवघा ५० लाख ओहम उरेल. पिठाऐवजी अभ्रकाची पूड घातल्यास पाणी कमी शोषले जाते.

३. पृष्ठभागाची परीक्षा

धूळ व दमटपणा यांमुळे पृष्ठभागावरून प्रवाह झिरपतो, बारीक ठिणग्या उडतात आणि पदार्थ करपतो. करपल्याने उरलेला कोळसा वीजवाहक असल्यामुळे प्रवाहाला आयतीच वाट मिळते. हे पाहण्यासाठी ४ मिलिमीटर अंतरावरील दोन अग्रांमध्ये नवसागराच्या पातळ द्रावणाचे थेंब दर ३० सेकंदांस एक याप्रमाणे सोडतात. ५० थेंब पडूनही अशी वाट न होता जो अधिकात अधिक दाब सोसला जातो, तो त्या पदार्थाचा निर्देशांक होय. या परीक्षेत बेकेलाइट उणे ठरते. मेलॅमिनचे प्लॅस्टिक व चिनी माती सरस ठरतात.

यावरून दिसेल की, निरोधकाचा गुण एका आकड्यात मावत नाही. कोरड्या प्रयोगशाळेत हजारो व्होल्ट सोसणारा पदार्थ पावसाळ्यात ओल्या भिंतीवर घरगुती दाबालाही दगा देऊ शकतो. म्हणून पदार्थ जेथे वापरावयाचा, तेथील परिस्थितीत त्याची परीक्षा घेणे अवश्य आहे.