पाहुण्या फौजेचं वीजबिल कोण भरतं?

प्रश्न : जपान आणि दक्षिण कोरियात अमेरिकी सैन्य वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे. त्यांच्या जागेचं भाडं, वीजबिल, तळावरच्या स्वयंपाक्यांचे नि मेकॅनिकचे पगार कोण देतं? आणि अमेरिकी जहाजं आपल्याकडे येतात, तेव्हा काय होतं?

उत्तर : सैनिकांचा पगार आणि शस्त्रं अमेरिकेची. तुम्ही विचारलेल्या बाकी गोष्टींचा बराचसा भार यजमानावर पडतो. पण सुरुवातीपासून तसं नव्हतं. 1960 च्या करारानुसार जपानने फक्त जागा आणि इमारती फुकट द्यायच्या होत्या. फुकट म्हणजे अर्थात अमेरिकेला. ओकिनावात ज्यांच्या जमिनी तळाच्या कुंपणाआड गेल्या, त्यांना भाडं जपान सरकारच देतं.

सत्तरच्या दशकात येन वधारला. तळावरच्या जपानी कामगारांचे पगार येनमध्ये आणि अमेरिकेचा हिशेब डॉलरमध्ये, त्यामुळे वॉशिंग्टनची कुरकुर वाढली. 1978 मध्ये जपानने कामगारांच्या कल्याणखर्चापोटी सुमारे 6.2 अब्ज येन उचलले. मग गाडं थांबलं नाही : 1987 च्या खास करारापासून भत्ते, 1991 पासून मूळ पगार आणि वीज-पाणीसुद्धा. 2022 पासूनच्या पाच वर्षांच्या करारात ही रक्कम वर्षाला सरासरी 211 अब्ज येन आहे. त्यात वीज-पाण्याचा वाटा मात्र टप्प्याटप्प्याने कमी केला आहे. सैनिकांच्या क्वार्टरमधल्या एसीचं बिल भरण्यापेक्षा सरावाच्या साधनांवर खर्च केलेला करदात्याला पटवून देणं सोपं जातं.

खरी मेख कामगारांच्या पगारात आहे. जपानी तळांवरच्या सुमारे 25 हजार कामगारांचा कायदेशीर मालक जपान सरकार आहे; कामं सांगतो अमेरिकी अधिकारी. कोरियात अमेरिकी सैन्यच कामगार थेट नेमतं, पण पगाराचा मोठा भाग सोलकडून येतो. याची किंमत 2020 मध्ये कळली. खर्चवाटपाचा आधीचा करार 2019 अखेर संपला होता. ट्रम्प सरकारची मागणी आधीच्या कित्येक पट होती, बोलणी अडली आणि 1 एप्रिलपासून सुमारे 4 हजार कोरियन कामगार बिनपगारी घरी बसले. भांडण दोन सरकारांचं, चुली विझल्या तिसऱ्यांच्याच! सोलने त्यांच्या पगारापुरते पैसे द्यायची तयारी दाखवली, तेव्हा जूनमध्ये ते कामावर परतले. मला जपानची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते, ती एवढ्यासाठीच.

बांधकामाचं मात्र कोरियाला तितकंसं जड जात नाही. प्योंगटेकच्या कॅम्प हम्फ्रीज या अमेरिकी तळावर 10 अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला, त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास कोरियाने केला. पण त्यातली बरीच कामं कोरियन कंपन्यांकडे गेली, आणि सोलच्या ऐन मध्यावरच्या योंगसान तळाची जागा मोकळी होण्याची वाटही त्यातूनच निघाली.

आता आपलं. भारतात परदेशी फौजेचा मुक्काम नाही, त्यामुळे असा पोसण्याचा खर्चही नाही. इथे प्रश्न येतो तेलपाण्याचा. 1991 च्या आखाती युद्धात चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबई, मद्रास आणि आग्र्याला इंधन भरू दिलं. काँग्रेसने गदारोळ केला आणि ती सोय बंद पडली. 29 ऑगस्ट 2016 रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेशी ‘लेमोआ’ हा रसदीच्या देवाणघेवाणीचा करार झाला; तेव्हा आपले संरक्षणमंत्री गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. ‘आता अमेरिकेचे तळ येणार’ अशी हाकाटी झाली, पण करारात तळाचा हक्क नाही. इंधन, रसद, दुरुस्ती यांसाठी दर वेळी परवानगी मागावी लागते, ती नाकारताही येते, आणि दिलं तर बिल लागतं. हे बिल रोखीनेच चुकतं करावं असंही नाही : एकाने आपल्या बंदरात तेल दिलं, तर दुसऱ्याने पुढे कधीतरी तेवढ्याच मोलाची रसद देऊन हिशेब मिटवता येतो.