न बोलणाऱ्या रुग्णाची परीक्षा

मोठें माणूस आजारी पडलें म्हणजे कोठें दुखतें तें सांगतें. चार दिवसांच्या बालकास तें सांगतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर गंभीर रोग झाला असतां तें पुष्कळदां अधिक रडतही नाहीं. निमूट पडून राहतें. घरचीं माणसें म्हणतात, “बाळ आज किती शांत निजलें आहे!” आणि मोलाची वेळ निघून जाते. ह्या रुग्णाची परीक्षा कशी करावी, तें आम्ही येथें सांगूं इच्छितो.

प्रथम श्वास मोजावा. बाळ रडत किंवा पीत नसतां अंगावरील कपडा वर करून पोट पाहावें. तें एकदां वर येऊन खालीं गेलें म्हणजे एक श्वास झाला. तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाहीं. म्हणून अर्धें मिनिट मोजून दुप्पट न करतां पूर्ण एक मिनिट मोजावें. २ महिन्यांच्या आंतील बालकाचे श्वास ६० किंवा अधिक भरले तर पुन्हां मोजावे. तितकेच भरल्यास धोका समजावा. खोकला झालेल्या मुलास २ महिन्यांपासून १ वर्षापर्यंत ५० व पुढें ५ वर्षांपर्यंत ४० ही मर्यादा आहे. तीवरून न्युमोनियाचा संशय घ्यावा.

हें काम कठीण आहे काय? गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक दायांस ६० पर्यंत मोजतां येत नसे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं त्यांच्यासाठीं मणी व वाळूचें घड्याळ असलेलें साधन तयार केलें. दर १० श्वासांस एक मणी सरकवावयाचा, इतकाच त्याचा हिशेब. पुढें ३९ गांवांत त्यांनीं स्थानिक स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची तपासणी व उपचार घरींच करविले. तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांशीं ताडून पाहतां, तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें, असें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें.

श्वासाखेरीज इतरही खुणा आहेत. दूध ओढणें कमी वा बंद होणें, रडणें क्षीण होणें, हातपाय लुळे पडणें, अंग थंड किंवा तापलेलें लागणें, श्वास घेतांना बरगड्यांखालीं खोल खळगा पडणें, झटके येणें, बेंबींतून पू येणें, तळहात व तळपाय पिवळे दिसणें. यांपैकीं एकही खूण दिसली तर घुटी, अंगारा किंवा डाग यांत वेळ दवडूं नये. बाळास आईच्या छातीशीं उबेंत धरून तत्काळ रुग्णालयांत न्यावें. आशाताईंस कळवावें, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

आमच्या जालना जिल्ह्यांत कापूस वेंचणीच्या दिवसांत आई शेतांत व धाकटें भावंड बहिणीच्या मांडीवर, हें दृश्य नवें नाहीं. ६० पर्यंतचे अंक ती मुलगी पहिल्या इयत्तेंतच शिकलेली असते. पालकांस आमची एवढीच विनंती कीं, सायंकाळीं ती म्हणाली, “आई, बाळाचे श्वास ६८ भरले,” तर पोरीचें बोलणें म्हणून तें हंसण्यावारी नेऊं नये. ज्यास वाचा नाहीं, त्याच्या वतीनें ती बोलत असते.