दुसऱ्या दिवशीची सकाळ

प्रश्न : मुलगा डेकॅथलॉन करतो. पहिल्या दिवशी पुढे, दुसऱ्या दिवशी गारद! भीती की थकवा?
– एक पालक, एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)

उत्तर : दोन्ही. पहिला दिवस ४०० मीटरने संपतो आणि त्याच जड पायांनी सकाळी ११० मीटर अडथळे गाठायचे. धावून झाल्यावर हलकं जॉगिंग, लगेच वरणभात, मग झोप. पोरं रात्री गुण मोजत जागतात, तेवढं थांबवा. धास्ती असते ती पोल व्हॉल्टची. पहिल्याच उंचीवर तीनदा आडवी काठी पडली की गुण शून्य, म्हणून सुरुवातीची उंची हमखास जमणारी घ्यावी. एका प्रकारातून आलेल्यालाही बाकीचे जमतात : २०२३च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत ७६६६ गुणांसह रौप्य जिंकणारा तेजस्विन शंकर मुळात उंच उडीचा. शेवटच्या १५०० मीटरचा सराव मात्र दमलेल्या पायांनीच करून घ्या.